कार्डावरची मालकीण

एकविसाव्या वर्षी माझं लग्न झालं, असं ओमानमधलं एक प्लास्टिकचं कार्ड सांगत होतं. नवरा कोण हे कार्डाला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. ते दोन महिने माझ्या पर्समध्ये होतं. नवीनच निघालेलं, वर माझा बऱ्यापैकी आलेला फोटो, म्हणून मी ते उगाचच काढून बघायचे. इंग्रजीत त्यावर फक्त नाव, नंबर आणि तारखा होत्या. बाकी सगळा मजकूर अरबीत, आणि अरबी आमच्या घरात कोणालाच वाचता येत नव्हती.

पंधरा वर्षं ज्या देशात काढली त्याची अक्षरं येत नव्हती, हे सांगायला आजही लाज वाटते. शाळेत दुसरी भाषा म्हणून अरबी घेता येत होती. पप्पांनी मला हिंदी घ्यायला लावली, कारण पुढचं कॉलेज इंडियातच होतं आणि तिथं अरबीचे मार्क कोण विचारतो. बाजारापुरतं यल्ला, खलास, इन्शाल्ला सगळ्यांना यायचं. दुकानांच्या पाट्या मात्र मी चित्रं बघावीत तशा बघत मोठी झाले.

तेव्हा आम्ही मस्कतच्या अल खौद भागात एका ओमानी कुटुंबाच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. तळमजल्यावरच्या बाईंना आम्ही खाला म्हणायचो. त्या खाली राहायच्या म्हणून नव्हे, अरबीत मावशीला खाला म्हणतात. त्यांची आणि आईची मैत्री अर्धी हिंदी, अर्धी अरबी आणि उरलेली हातवाऱ्यांवर चालायची. एका सकाळी खाला हलव्याचा वाडगा घेऊन वर आल्या. माझं कार्ड त्यांना जिन्यात सापडलं होतं. ते माझ्या हातात देऊन त्यांनी माझे गाल धरले आणि मबरूक, मबरूक म्हणाल्या.

आईला वाटलं, माझ्या बीएस्सीच्या निकालाबद्दल अभिनंदन चाललंय. मलाही तसंच वाटलं. केशराचा तो चिकट हलवा आम्ही तिघींनी चाटूनपुसून खाल्ला, तिघी खूश, प्रत्येकीचं कारण वेगळं. मग खालांनी विचारलं, नवरा कुठं असतो, मस्कतला की इंडियात.

आईचा हात वाडग्यातच राहिला. खालांनी कार्डावरच्या एका ओळीवर बोट ठेवून वाचलं: रब्बत बैत. बैत म्हणजे घर, एवढं आम्हाला येत होतं. रब्बत म्हणजे काय ते खालांनी समजावलं. पुरुष मालक असतो तो अर्बाब, तसंच बाईमाणूस असेल तर रब्बत. घराची मालकीण. गृहिणी. लग्न झालेल्या बाईच्या कार्डावर कामाच्या रकान्यात हेच लिहितात.

मला हसू आलं. आईला नाही आलं. तिनं खालांच्या पुढ्यात तीन वेळा माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की पोरीचं लग्न झालेलं नाही. खालांनी विश्वास ठेवला, पण त्यांचा हलवा फुकट गेल्यासारखा चेहरा झाला. मी हसत राहिले, कारण त्या ओळीची किंमत अजून मला कळली नव्हती.

ती कळण्यासाठी आधी थोडं मागं जावं लागेल. आम्ही वसईचे ख्रिस्ती. पप्पा एका मोठ्या बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळायचे. मी तीन वर्षांची असताना आई मला घेऊन त्यांच्याकडे गेली. आमच्यासारख्यांच्या मुलांनी बारावीपर्यंत मस्कतच्या भारतीय शाळेत शिकायचं आणि मग इंडियाला जायचं, हा ठरलेला मार्ग होता. मी वसईला काकांकडे राहून कॉलेज केलं. तिथं माझ्या मराठीला सगळे हसायचे. "मी ऑलरेडी जेवण खाल्ली" असं मी म्हणायचे, आणि काकांची मुलं ते वाक्य पाहुण्यांसमोर माझ्याकडून वदवून घ्यायची. त्यांचा राग मी गिळला, पण विसरले नाही. आज मी मराठीत लिहिते त्यात त्या रागाचा वाटा आहे.

आणखी एक गोष्ट होती. ओमानच्या बाहेर सहा महिन्यांहून जास्त राहिलं की व्हिसा रद्द व्हायचा. त्यामुळे कॉलेजातली माझ्यासारखी सगळी मुलं दर सहा महिन्यांनी मस्कतला जाऊन यायची. परीक्षा असो, आजारपण असो, विमानात बसायचंच. आमच्यात त्याला 'व्हिसा जिवंत ठेवणं' म्हणत. एकदा मी कांजिण्यांचे फोड लांब बाह्यांखाली लपवून गेले होते. घरी चार दिवस राहायचं, पासपोर्टावर शिक्का घ्यायचा, परत. आई त्या चार दिवसांत मला चार महिन्यांचं खायला घालायची. तीन वर्षं आम्ही दोघींनी असं माप लावून एकमेकींना पाहिलं. म्हणून निकाल लागल्यावर मी ठरवलं होतं, आता काही वर्षं घरी राहीन. परत माप लावायचं नाही.

घरी राहण्याची सोयही होती. कंपनीची एक निळी पुस्तिका होती, कर्मचाऱ्यांच्या हक्कांची. मुलगा असेल तर एकविसाव्या वर्षी त्याचं नाव यादीतून खलास. मुलीचं तसं नव्हतं. शिक्षण संपलेली, लग्न न झालेली, नोकरी नसलेली आणि आई-वडिलांच्या घरी राहणारी मुलगी कंपनीच्या यादीत राहायची. तिला दवाखान्याचं कार्ड, वर्षातून एकदा इंडियाचं जाण्यायेण्याचं तिकीट, आणि तिचे व्हिसाचे कागदही कंपनीच करणार. थोडक्यात, लग्न करायचं नाही आणि नोकरी करायची नाही, या दोन गोष्टींचा मला मोबदला मिळणार होता. मी दोन्ही अटी मन लावून पाळत होते.

पप्पा या सगळ्याला कंपनीची मेहेरबानी म्हणायचे. मी म्हणायचे, पप्पा, छापलंय, म्हणजे हक्क आहे. ते म्हणायचे, दुसऱ्याच्या देशात हक्क हा शब्द हळू बोलावा. आमच्या दोघांची ही वादावादी जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा झाली होती की आई आमटी वाढता वाढता आमची वाक्यं आमच्याआधी म्हणून दाखवायची.

मे महिन्यात तिकिटांची यादी लागली. पप्पांचं नाव होतं, आईचं होतं, माझं नव्हतं. पप्पांनी विचारल्यावर कळलं की दवाखान्याच्या यादीतूनही मी गेले आहे. ॲडमिनच्या मॅनेजरनं त्यांना कार्डाची झेरॉक्स दाखवली. रब्बत बैत, म्हणजे विवाहित. विवाहित मुलीची जबाबदारी नवऱ्याची. कंपनी तिचे कागद करणार नाही आणि पुढच्या नूतनीकरणाला तिचा व्हिसाही लावणार नाही.

आता ही ओळ लिहिली कोणी? कंपनीच्याच मंदूबनं. सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद घेऊन फिरणारा जो माणूस असतो त्याला मंदूब म्हणतात. फॅमिली व्हिसावरच्या बायकांचे सगळे अर्ज तोच भरायचा. बायको असो, मुलगी असो, कामाच्या रकान्यात सवयीनं एकच शब्द ठोकून द्यायचा. चूक त्यांच्या माणसाची, सही पप्पांची, कारण पप्पांनी न वाचता अर्जाखाली सही केली होती. वाचायला येत असतं तर वाचलं असतं ना. आणि शिक्षा माझी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पप्पा आठवडाभर नेहमीसारखे कामावर जात राहिले. या काळात सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून बाहेर पडलं की आईभोवती बायका जमायच्या. एकीनं सांगितलं, रुवीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घाल, ते 'विद्यार्थी' म्हणून लेखी देतात, क्लासला जावंही लागत नाही. दुसरीनं सांगितलं, तिच्या दिराचा मुलगा सूरला गॅस प्लांटवर आहे, एकुलता एक, दारू नाही. तिसरी म्हणाली, कार्डावर आधीच लिहून आलंय म्हणजे देवाचीच इच्छा दिसते. तिन्ही बायका प्रेमळ होत्या आणि तिघींचा मला सारखाच राग आला. खोटी विद्यार्थिनी किंवा खरी नवरी, यातलं काहीतरी होऊन मी ती ओळ खरी करावी किंवा झाकावी, एवढंच सगळ्यांना सुचत होतं. ओळ चुकीची आहे, ती बदला, असं कोणीच म्हणत नव्हतं. मी शिकलेय, घरी आलेय, माझ्या आईबापांच्या घरात राहतेय. यात सिद्ध काय करायचं?

मी पप्पांच्या मागं लागले की मला ऑफिसात न्या. शेवटी ते घेऊन गेले. जाताना टॅक्सीत त्यांनी मला दोनदा सांगितलं की आवाज चढवू नकोस. मॅनेजर आपल्याच मुंबईकडचा, वीस वर्षं तिथं मुरलेला. मी निळी पुस्तिका त्याच्यासमोर उघडली आणि माझं कलम दाखवलं. मी व्यवस्थित तयारी केलेलं इंग्रजी बोलले. त्यानं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि पप्पांकडे बघून हिंदीत म्हणाला, "कार्ड पे जो लिखा है, बेटी वही है. मैं क्या करूँ?"

मग त्यानं मार्ग काढला. कार्ड दुरुस्त होईल, पण वेळ लागेल. तोपर्यंत मुलीला वसईला पाठवा. कंपनी माणुसकी म्हणून तिकीट देईल. दुरुस्ती झाली की बोलावून घ्या. किती वेळ लागेल, मी विचारलं. तो म्हणाला, इन्शाल्ला, चार महिने, सहा महिने. आपल्याकडे म्हणच आहे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. पण ओमानबाहेर सहा महिने थांबलं की व्हिसा संपतो, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी ते बोलून दाखवलं. पप्पांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

आणि त्यांनी तिकीट घेतलं. हो म्हणाले, थँक्यू म्हणाले.  मला त्यांचा किती राग आला होता हे मी आज कमी करून सांगणार नाही. अठरा वर्षं ज्या माणसानं कंपनीचा एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्यानं स्वतःची मुलगी एका सहीवर हरवली म्हणून लिहून दिल्यासारखं मला वाटलं. पुढं मला कळलं की त्यांना त्यांच्या नोकरीची भीती होती. त्या वर्षी स्थानिक मुलांना जागा देण्यासाठी कंपनीत बरीच परदेशी माणसं कमी होत होती. पण ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

आई दुपारचं जेवण करून भाजी निवडत बसली होती. पप्पांनी तिकीट टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. चार-सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, वसई काय परकी आहे का, वगैरे. आईनं हात पुसले आणि तिकीट उघडलं. तेव्हा तिकिटं कागदाची असायची, लाल कार्बन लावलेल्या पानांची लांबट पुस्तिका. घरातली सगळी तिकिटं वर्षानुवर्षं आईच्या कपाटात राहायची. तिनं पानं उलटली, परत उलटली आणि म्हणाली, "एकच पान आहे."

पप्पांना कळलं नाही. मला कळलं. जायचं एक पान आणि यायचं एक, अशी दोन पानं असायला हवी होती. कंपनीनं माणुसकी म्हणून दिलेलं तिकीट फक्त जाण्याचं होतं.

पप्पा म्हणाले, चूक झाली असेल. आई उठली. आत गेली आणि स्वतःचं कार्ड घेऊन आली. माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "माझ्यावर काय लिहिलंय, वाच."

मला वाचता येत नव्हतंच. पण माझं कार्ड शेजारी ठेवून मी अक्षर अक्षर जुळवून पाहिलं. तोच वळसा, तेच दोन शब्द, खाली तसंच टिंब. रब्बत बैत. वसईत आई चार वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती, ती नोकरी सोडून ओमानला आली. तिच्या कामाच्या रकान्यात अठरा वर्षं काय लिहिलं जातंय हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, तिथं काहीच लिहिलेलं नसणार.

तिनं ते दोन शब्द दोनदा म्हणून पाहिले. मग विचारलं, खाला म्हणाली होती ना, अर्बाब आणि रब्बत एकच? मी म्हटलं, हो, बाईमाणूस असेल तर रब्बत. आईनं भाजीचं ताट बाजूला सरकवलं. पप्पांना ती शांतपणे म्हणाली की उद्या ती ऑफिसात येणार आहे. पप्पा म्हणाले, तू कशाला, तुला तिथलं काय कळतं. आई म्हणाली, "घरातलं कळतं. मालकीण मी आहे, तुमच्या कंपनीनंच लिहून दिलंय. माझ्या घरातलं माणूस मला न विचारता कोण पाठवतं ते बघते."

अठरा वर्षांत आई पप्पांच्या ऑफिसात एकदाही गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पप्पा नेहमीप्रमाणे सकाळी सातला कंपनीच्या बसनं गेले. आमच्याबरोबर येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि येऊ नका असंही म्हणाले नाहीत. आम्ही दोघी नारिंगी-पांढऱ्या टॅक्सीत शेअरनं बसलो. चर्चला जायची फिकट निळी साडी आईनं नेसली होती. पर्समध्ये दोन कार्डं, निळी पुस्तिका आणि एक पानाचं तिकीट. वाटेत मी तिला शिकवत होते की काय बोलायचं. कलम कितवं, कोणत्या पानावर. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, तू बोलू नकोस बाय, तू कालच बोललीस.

मॅनेजरनं आम्हाला बसायला सांगितलं आणि वाट बघायला लावली. आईनं त्याला सांगितलं की तिचं काम त्याच्याशी नाही, अर्बाबशी आहे. अर्बाब म्हणजे कंपनीचे मालक, सूरचे म्हातारे ओमानी गृहस्थ. त्यांच्या घराण्यात पूर्वी लाकडी गलबतं बांधायचे, आणि ती गलबतं मुंबईला जायची, म्हणून त्यांना मुंबईची हिंदी यायची. आठवड्यातून दोन-तीनदा ते ऑफिसात येऊन तासभर बसत, आणि ज्याला भेटायचं तो भेटू शके. तसा रिवाजच होता. पण आमच्यातलं कोणी कधी त्या दारातून आत जायचं नाही. भारतीय माणूस आधी मॅनेजरकडे जायचा आणि मॅनेजरकडेच संपायचा.

त्या दिवशी ते आले होते. आई उठली आणि सरळ गेली. मी तिच्या मागं. माझ्या मागं मॅनेजर, आणि बातमी कशी पोचली कुणास ठाऊक, स्टोअरमधून धावत आलेले पप्पा. ते दारातच थांबले.

आईनं सलाम केला. दोन्ही कार्डं अर्बाबच्या समोर शेजारी शेजारी ठेवली, आणि तिकीट त्यांच्या खाली. मग ती उभी राहूनच तिच्या हिंदीत बोलली.

"आप कंपनी का अर्बाब. मैं घर का अर्बाब, आपके आदमी ने लिखा है. मेरा घर में कौन रहेगा, वो मैं बोलेगी. ये मेरी बेटी है. शादी नहीं हुआ. आपकी किताब में इसका हक्क लिखा है."

हक्क हा शब्द तिनं मराठीतूनच उचलला होता, तिला दुसरा येतच नव्हता. पण तो मूळचा अरबीच. फिरत फिरत आमच्याकडे आला आणि त्या दिवशी आईनं तो परत नेऊन दिला. अर्बाबनी मान वर केली आणि तो स्वतःशी म्हणून पाहिला, घशातून, त्यांच्या पद्धतीनं. दारात उभे असलेले पप्पा, ज्यांनी मला तो हळू बोलायला शिकवलं होतं, खाली बघत होते.

अर्बाबनी दोन्ही कार्डं वाचली. निळी पुस्तिका मागवली, अरबी पानांवरून बोट फिरवत कलम शोधलं. मग त्यांनी पप्पांना आत बोलावून विचारलं, मुलीचं लग्न झालंय का. पप्पा नाही म्हणाले. तुझ्याच घरी राहते का, पप्पा हो म्हणाले. अठरा वर्षांत मालकांनी पप्पांना थेट विचारलेले हे पहिलेच दोन प्रश्न असावेत. मंदूबला बोलावणं गेलं. तो आला, कार्ड बघितलं आणि म्हणाला, सगळ्या बायकांना तेच लिहितो, इज्जतीचा शब्द आहे, मुलीच्या जातीला वाईट काय त्यात.

तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी हिंदीत म्हटलं की शब्द इज्जतीचा असेल तर त्याच शब्दानं मला घराबाहेर का काढताय. मालकीण म्हणून लिहायचं आणि एका पानाचं तिकीट हातात द्यायचं, ही कुठली इज्जत. माझा आवाज चढला होता. आईनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, पण थांबवलं नाही.

अर्बाब मॅनेजरशी अरबीत बोलले. रागावून नाही, साधंच. मला त्यातलं फक्त 'खलास' कळलं. मग आईला त्यांनी हिंदीत सांगितलं की आधी कार्ड बदलेल, यादीत नाव आजच लागेल, मुलगी कुठं जाणार नाही. आईनं मान हलवली आणि तिकीट उचलून मॅनेजरच्या हातात दिलं. म्हणाली, "इसका दूसरा पान लगाके दो. हम छुट्टी में साथ जाएँगे, साथ आएँगे." आम्ही तसेच गेलो आणि तसेच परत आलो.

संध्याकाळी पप्पा घरी आले. जेवताना एवढंच म्हणाले की स्टोअरमधली माणसं विचारत होती, ती निळ्या साडीतली कोण. मग तुम्ही काय सांगितलंत, आईनं विचारलं. पप्पांनी आमटी भुरकली. म्हणाले, सांगितलं, आमच्या अर्बाब आहेत. माझा राग तेव्हा निम्मा गेला. उरलेला निम्मा जायला पुष्कळ वर्षं लागली, त्यांची भीती मला समजेपर्यंत.

नवं कार्ड सहा आठवड्यांत आलं, सहा महिन्यांत नव्हे. तोवर मी रोज दुपारी खालांकडे बसून त्यांच्या नातीच्या पहिलीच्या पुस्तकातून अरबी अक्षरं गिरवत होते. कार्ड मी स्वतः वाचलं, अडखळत. बिदून अमल. कामाशिवाय. मालकिणीवरून मी थेट रिकामटेकडीवर आले होते. पप्पा म्हणाले, आता याच्यावर भांडू नकोस. मी भांडले नाही, कारण ते खरं होतं, आणि खऱ्याची मला कधी लाज वाटली नाही.

तीन वर्षं मी त्या यादीत राहिले. हक्कानं राहिले. दवाखान्यात दात दाखवले, दम्याचा पंप घेतला, दर सुट्टीला दोन पानांच्या तिकिटावर वसईला गेले आणि काकांच्या मुलांना शुद्ध मराठीत उत्तरं दिली. चर्चबाहेरच्या बायका विचारायच्या, मुलगी अजून घरीच का, आणि आई म्हणायची, घर तिचंच आहे. मग मला अल खौदच्याच एका लॅबोरेटरीत नोकरी मिळाली. यादीतून नाव काढण्याचा अर्ज मी स्वतः लिहिला, स्वतःच्या सहीनं. मॅनेजरनं वाचायच्या आधीच विचारलं, शादी? मी म्हटलं, नोकरी.

माझ्या स्वतःच्या व्हिसाचं कार्ड आलं तेव्हा मी ते आधी आईच्या हातात दिलं. एव्हाना तिला अरबीतले दोनच शब्द नजरेनं ओळखता यायचे. तिनं चष्मा लावला आणि कार्डावरच्या प्रत्येक ओळीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग परत खालून वर. ते दोन शब्द कुठंही नव्हते. तिनं कार्ड मला परत दिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "ह्या घरात मालकीण एकच."